घड्याळाशेजारची जागा: एक्सएफसीईच्या ट्रेचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात नोंदी ठेवायच्या ॲपचा आयकॉन घड्याळाशेजारच्या ट्रेमधून लपवला, तर त्याच्यासोबत कामाच्या चॅट ॲपचा आयकॉनही गायब झाला. ॲप व्यवस्थित चालू होतं, निरोपही येत होते, पण आलेले कळावेत असा आयकॉनच समोर नव्हता. संध्याकाळी एका सहकाऱ्याचा फोन आला तेव्हा कळलं, सकाळपासून माझ्या उत्तरावाचून त्याचं काम अडलंय. लिनक्सवरच्या एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपच्या 4.16 आवृत्तीतल्या स्टेटस ट्रेबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. या प्रकाराने मुहूर्त लागला.

लॅपटॉप जुना आहे, रॅम 4 जीबी. चालतोय तोवर चालवणार, त्यामुळे 'नवीन घे' किंवा 'दुसऱ्या डेस्कटॉपवर जा' हे सल्ले माझ्या उपयोगाचे नाहीत. आणि खरं सांगायचं तर पॅनलबद्दल, म्हणजे ट्रे ज्या पट्टीत बसतो तिच्याबद्दल, बाकी माझी काही तक्रार नाही. महिनोन्‌महिने एकदाही कोसळलेलं नाही, मेमरी नावापुरती खातं, दिसायला साधं. माझं दुखणं एकच: प्रत्येक आयकॉन रोज त्याच जागी हवा. नेटवर्क घड्याळाला लागून, त्याच्या अलीकडे आवाज, मग फाइल सिंक, मग चॅट. लॉगिन केल्यावर मी ट्रे वाचत बसत नाही, सवयीने हात जातो. आयकॉन जागेवर नसेल तर माझ्यासाठी तो असून नसल्यासारखा.

सुरुवातीचे काही महिने याच कारणाने मी या ट्रेवर नाराज होते. रोज लॉगिन केलं की क्रम वेगळा. सिंकचा आयकॉन कधी चॅटशेजारी, कधी पार दुसऱ्या टोकाला. कधीकधी तो पॅनलवर चढतच नसे, डाव्या वरच्या कोपऱ्यात एवढ्याशा चौकोनी खिडकीत एकटा तरंगत राही. टर्मिनलमधून पॅनल रीस्टार्ट केलं की काही आयकॉन परत येत, काही नाहीच. तेव्हा कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की हा ट्रे अर्धवट आहे.

आता तसं म्हणणार नाही. कारण समजायला थोडं मागे जावं लागतं.

लिनक्सवर ट्रेच्या दोन पद्धती नांदतायत. जुनी पद्धत 2002 सालच्या विनिर्देशातली, म्हणजे लिखित तांत्रिक नियमांतली. तिच्यात आयकॉन म्हणजे त्या ॲपचीच एक चिमुकली खिडकी असते आणि पॅनल ती आपल्या पोटात घेतं. याला एक्सएम्बेड म्हणतात. नवी पद्धत केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपकडून आली, स्टेटस नोटिफायर. तिच्यात ॲप डी-बसवरून (प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलायची वाहिनी) चित्र, नाव आणि मेनू कळवतं आणि आयकॉन काढण्याचं काम पॅनलकडे राहतं. उबंटूच्या इंडिकेटरचं मूळही तेच. ग्नोम या आणखी एका डेस्कटॉपने 3.26 मध्ये, म्हणजे 2017 साली, जुना ट्रे काढून टाकला. तिथे आता या आयकॉनसाठी एक्स्टेन्शन लावावं लागतं. एक्सएफसीईने उलट केलं. डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या 4.16 ने दोन्ही पद्धती एकाच प्लगिनमध्ये आणल्या. त्याआधी दोन वेगळी प्लगिन लावावी लागत. हा निर्णय मला मनापासून आवडतो. जुनी ॲप्स वापरणाऱ्यांना वाऱ्यावर सोडलं नाही.

मात्र प्लगिन एक असलं तरी आत कप्पे दोन आहेत. एक्सएम्बेडवाले एका कप्प्यात, स्टेटस नोटिफायरवाले दुसऱ्यात. प्रत्येक कप्प्यातला क्रम सेटिंगमध्ये वर-खाली करता येतो आणि तो टिकतो. पण एका कप्प्यातला आयकॉन दुसऱ्यातल्या दोघांच्या मध्ये बसवता येत नाही.

माझ्या गोंधळाचं मूळ नेमकं इथे सापडलं. माझं सिंक ॲप क्यूटी या ॲप बनवायच्या साधनसंचावर बनलेलं आहे. अशी ॲप्स सुरू होताना एकदाच विचारतात: डी-बसवर स्टेटस नोटिफायर सांभाळणारं कोणी आहे का? लॉगिनच्या वेळी पॅनल आधी उभं राहिलं असेल तर 'आहे' असं उत्तर मिळतं आणि आयकॉन योग्य कप्प्यात येतो. ॲप आधी धावलं तर 'नाही' कळतं, मग ते जुनी पद्धत धरतं आणि बंद होईपर्यंत सोडत नाही. पॅनल नंतर कितीही नीट चालू झालं तरी ते पुन्हा विचारत नाही. म्हणजे रोज सकाळी पॅनल आणि ॲप यांच्यात शर्यत लागायची आणि आयकॉनची जागा त्या निकालावर ठरायची. जुन्या हार्डडिस्कवर तो निकाल रोज वेगळा.

यावर सगळीकडे मिळणारा उपाय म्हणजे ऑटोस्टार्टच्या (लॉगिन होताच ॲप आपोआप सुरू करणाऱ्या) आज्ञेआधी 'स्लीप' लावून काही सेकंद थांबणं. मीही ते वापरलं. चालतं, पण अंदाजपंचे. अपडेटनंतरच्या पहिल्या लॉगिनला पॅनल यायला जास्त वेळ लागतो आणि तुमचे सेकंद कमी पडतात. सेकंद वाढवले की इतर दिवशी उगाच वाट बघायची.

त्यापेक्षा चांगला उपाय ग्लिब या लायब्ररीसोबत येणाऱ्या 'जीडीबस' या साधनामध्ये आहे. त्याची 'वेट' ही आज्ञा डी-बसवर एखादं नाव उगवेपर्यंत थांबते आणि ते आलं की लगेच मोकळी होते. होम फोल्डरमधल्या लपलेल्या 'कॉन्फिग'मध्ये 'ऑटोस्टार्ट' फोल्डर असतं. त्यातली सिंक ॲपची फाइल उघडली. एक्झेकच्या ओळीत, म्हणजे ॲप चालवायची आज्ञा असते तिथे, आधी 'जीडीबस वेट', सेशन बस (आपल्या लॉगिनपुरती डी-बस), तीस सेकंदांची मुदत आणि 'ऑर्ग डॉट केडीई डॉट स्टेटसनोटिफायरवॉचर' हे नाव, त्यानंतर एका सेकंदाचा स्लीप आणि शेवटी ॲप. हे सगळं एका शेल आज्ञेत, दुहेरी अवतरणात. त्या ओळीत एकेरी अवतरण चालत नाही, ते लक्षात ठेवा. शेवटचा एक सेकंद एवढ्यासाठी की नाव उगवणं आणि ट्रे प्रत्यक्ष नोंदला जाणं यात किंचित अंतर असतं. एक्सएफसीई असूनही नावात केडीई कसं, असं वाटेल. पद्धत त्यांची असल्याने नावही तेच राहिलंय.

तेव्हापासून सिंकच्या आयकॉनने जागा सोडलेली नाही. पॅनलबद्दलचं माझं मतही तेव्हाच बदललं.

नेटवर्कच्या आयकॉनसाठी याहून सोपं आहे. तो आयकॉन दाखवणाऱ्या एनएम-ॲपलेटला 'इंडिकेटर' हा पर्याय देऊन चालवलं की तो नव्या पद्धतीने येतो आणि घड्याळाला लागून बसवता येतो. फक्त हा बदल सिस्टीमच्या फाइलमध्ये करू नका, पुढचं अपडेट तो पुसू शकतं. तीच फाइल त्याच नावाने आपल्या ऑटोस्टार्ट फोल्डरमध्ये ठेवून तिथे बदला. आपल्या फोल्डरमधली प्रत नेहमी वरचढ ठरते.

आता राहिलं सुरुवातीचं प्रकरण, आणि माझा खरा राग इथे आहे. दोन वेगळी ॲप्स, लपवलं एकाला, गेले दोघे. सेटिंगमध्ये पाहिलं तर यादीत दोघांसाठी मिळून एकच ओळ. 'बससीटीएल' या आज्ञेने डी-बसवर दोघांचे गुणधर्म वाचले. तिथे 'आयडी' असा एक गुणधर्म असतो. नोंदींच्या ॲपचा आयडी: 'क्रोम_स्टेटस_आयकॉन_1'. चॅट ॲपचा आयडी: 'क्रोम_स्टेटस_आयकॉन_1'. अक्षरन्‌अक्षर तोच.

दोन्ही ॲप्स इलेक्ट्रॉनवर बनलेली आहेत, म्हणजे पोटात अख्खं क्रोमियम ब्राउझर. ट्रेच्या आयकॉनला नाव क्रोमियम देतं, आणि प्रत्येक ॲप आपली मोजणी एकपासून सुरू करतं. बसवरच्या पत्त्यात प्रोसेसचा क्रमांक असतो, पण तो दर वेळी बदलतो, त्यामुळे लक्षात ठेवायला निरुपयोगी. पॅनलने क्रम आणि लपवणं जपायचं ते आयडीच्या आधारावर. स्टेटस नोटिफायरच्या विनिर्देशात स्पष्ट लिहिलंय की आयडी त्या ॲपपुरता वेगळा हवा आणि दर सत्रात तोच राहायला हवा, उदाहरणार्थ ॲपचं नाव. एका वर्गात दोन मुलांनी हजेरीला एकच नाव सांगितलं तर मास्तरांनी कोणाच्या नावापुढे खूण करायची? पॅनलची अवस्था तीच आहे.

चॅट ॲपच्या सपोर्टला सगळं लिहून कळवलं. आयडी, दोन्ही ॲप्सचे गुणधर्म, विनिर्देशातलं वाक्य, सगळं. उत्तर आलं की कॅश साफ करून पुन्हा इन्स्टॉल करा. पुन्हा लिहिलं की याचा कॅशशी काही संबंध नाही. मग सांगितलं की लिनक्सवरचा ट्रे डेस्कटॉपवर अवलंबून असतो, तुमच्या डेस्कटॉपकडे विचारा. ज्या ॲपचे वर्गणीदार दर महिन्याला पैसे भरतात, त्याने स्वतःचं नाव नीट सांगावं एवढीच अपेक्षा होती. फुकट मिळणारं पॅनल आपलं काम चोख करतं आणि पैसे घेणारं ॲप जबाबदारी त्याच्यावर ढकलतं, हे मला पटलेलं नाही.

शेवटी डेस्कटॉपवरचं चॅट ॲप काढून टाकलं. चॅट आता ब्राउझरच्या पिन केलेल्या टॅबमध्ये चालतं, निरोप आला की सूचना येते. वेगळं क्रोमियम चालवावं लागत नाही म्हणून 4 जीबीच्या मशीनवर रॅमही मोकळी झाली. नोंदींचं ॲप ठेवलंय, त्या आयडीचं आता ते एकटंच.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. ट्रे दोन पॅनलवर लावायला जाऊ नका. जुन्या पद्धतीत एका स्क्रीनवर एकच मालक असू शकतो, आणि दुसरा लावला की 'दुसऱ्या विजेटने हे काम घेतलंय' अशा अर्थाची चौकट येते. लॉगआउट करताना सत्र जतन करत असाल तर ऑटोस्टार्टमधली ॲप्स दोनदा उघडून आयकॉनही दोन दिसू शकतात, तो पर्याय बंद ठेवा. पॅनलची एक्सएमएल फाइल हाताने बदलायला गेलात तर सेटिंग्ज सांभाळणारं एक्सएफकॉन्फ आपल्याजवळची जुनी प्रत तिच्यावर पुन्हा लिहितं. बदल सेटिंग्ज एडिटरमधूनच करा. वाइनमधली (लिनक्सवर चालवलेली विंडोजची) ॲप्स जुन्याच पद्धतीने येतात, त्यांना त्यांच्या कप्प्यात राहू द्या.

कोणी विचारलं तर मी हा ट्रे पाचपैकी साडेचार देऊन सुचवेन. अर्धा गुण दोन कप्प्यांच्या भिंतीसाठी कापला. एकच आयडी दोघांनी सांगण्याचा दोष पॅनलच्या खात्यात धरलेला नाही. तुमच्याकडेही असे आयकॉन जोडीने गायब होत असतील तर पॅनल बदलण्याआधी डी-बसवर दोघांचे आयडी वाचा, आणि सारखे निघाले तर ॲप बनवणाऱ्यांना ते लिहून कळवा. मी पाठवलेली तक्रार अजून उघडीच आहे.