कॉलेजचा मेंटरिंग प्रोग्रॅम घ्यावा का? वर्षभराचा अनुभव

सांगलीत एमएस्सी केमिस्ट्रीला आल्यावर मला दोन मेंटर मिळाले. एक कॉलेजने नेमून दिलेले सर. दुसरे माजी विद्यार्थी संघाच्या प्रोग्रॅममधून मिळालेले, लोटे परशुरामच्या एमआयडीसीत क्यूसीला (मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात) असलेले दादा. (सुरुवातीला मी त्यांनाही सरच म्हणत होते, त्यांनीच बंद करायला लावलं.) दोन्ही फुकट. आता वर्ष होत आलं आणि ज्युनिअर सारखं विचारतायत, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी कॉलेजचं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या माहितीत एका मेंटरमागे किती विद्यार्थी हे भरावं लागतं. यूजीसीच्या २०१९ च्या ‘दीक्षारंभ’ मार्गदर्शिकेतही नव्या मुलांचे छोटे गट करून त्यांना शिक्षक नेमा असं आहे. त्यामुळे मेंटरिंगचं रजिस्टर आमच्याकडेही आहे. त्यात ‘अडचणी’ या रकान्यात सगळेजण ‘नाही’ लिहितात आणि सही करून तासाला पळतात. सर माणूस म्हणून चांगलेच आहेत. महाडीबीटीवर माझा स्कॉलरशिपचा अर्ज अडकला होता, तो त्यांनीच ऑफिसात उभं राहून मार्गी लावला. पण इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात. स्पेक्ट्रोस्कोपी डोक्यावरून जातेय हे त्यांना कोण जाऊन सांगणार?

दादांना ते पहिल्याच कॉलला सांगून टाकलं. त्यांच्या हातात माझं काहीच नव्हतं. ना मार्क, ना हजेरी, ना शिफारसपत्र. मी माजी विद्यार्थी संघाचा हा प्रोग्रॅम घ्या म्हणते ते एवढ्यासाठीच. बाकी व्यवस्था यथातथाच आहे, त्यावर पुढे येतेच.

ते म्हणाले, प्रॅक्टिकलच्या जर्नलच्या एका पानाचा फोटो पाठव. मला वाटलं रीडिंग तपासतील. त्यांना आधी दिसला व्हाइटनर. कंपनीत चुकलेला आकडा झाकायचा नसतो. त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. जे लिहिलेलं नाही ते केलंच नाही असं धरतात. मग गाडी एचपीएलसीवर, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर आली. व्याख्या, आकृती मला सगळं पाठ. त्यांनी विचारलं, मोबाइल फेज (मशीनमधून वाहतं ठेवायचं द्रावण) तयार झाली, आता मशीनला लावायच्या आधी काय करशील? मी गप्प. तर ती ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायची आणि त्यातली हवा काढायची. कण गेले तर कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) चोंदतो, बुडबुडा पंपात गेला की प्रेशर वरखाली होतं आणि बेसलाइन, म्हणजे आलेखाची तळरेघ, नाचते. आमच्या नोट्समध्ये हे अर्ध्या ओळीत उरकलंय. फ्रेशरला मी हेच विचारतो, असं दादा म्हणाले.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार एमएस्सीच्या दुसऱ्या सेमिस्टरला चार क्रेडिटचं ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण आहे. त्यांनी मला जागा मिळवून दिली नाही आणि तसं आधीच स्पष्ट सांगितलं. पण ‘आपणांस नम्र विनंती की’ने सुरू होणारा माझा लांबलचक मेल कापून पाच ओळींवर आणला: कोणत्या तारखा, कोणती उपकरणं येतात, पैशांची अपेक्षा नाही, कॉलेजचं पत्र सोबत. कुपवाडच्या एका लॅबने त्यावर बोलावलं.

सेटबद्दल (प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षेबद्दल) विचारलं तर म्हणाले, मी ती परीक्षा दिलेली नाही, देणाऱ्याला विचार. हे मला आवडलं.

आता तक्रारी. जोड्या कशा लावल्या देव जाणे. माझ्या जतच्या मैत्रिणीला पीएचडी करायचीय, तिला मिळाले बँकेतले साहेब. दोघंही सज्जन, दोन कॉलमध्ये विषय संपला. काही मेंटर दिवाळीनंतर दिसलेच नाहीत आणि त्यांच्या जागी कुणी दिलंही नाही. प्रत्येक कॉलचा कॅमेरा चालू ठेवून स्क्रीनशॉट मागतात, अहवालाला लागतो म्हणे.

सगळ्यात खटकलं ते नंबरांचं. न विचारता मुलींचे नंबर मेंटरना देऊन टाकले. पहिला फोन आला तेव्हा पप्पांनी विचारलं, ‘कोण हा? नंबर कुणी दिला?’ पहिल्या मीटला मम्मी शेजारी भाजी निवडत बसली होती. आमच्या नशिबाने दादा सरळ निघाले, पण प्रोग्रॅमने नशिबावर सोडायची ही गोष्ट नाही. बाई मेंटर तर अगदी थोड्या.

आणि फीडबॅक फॉर्म नावासकट एचओडींकडे जातो. म्हणजे परत रजिस्टरच, सगळं ‘उत्तम’. नावाशिवाय फॉर्म घ्या आणि तो माजी विद्यार्थी संघानेच वाचावा, असं मी कळवलंय. उत्तर आलेलं नाही.

तरी फॉर्म निघाला की भरा. ‘अपेक्षा’ या रकान्यात ‘करिअर मार्गदर्शन’ लिहू नका. क्यूसी, बँक, सेट, जे हवंय ते नाव घालून लिहा. मुलींनो, बाई मेंटर हवी असेल तर तेही तिथेच लिहा. त्यासाठी वेगळा रकाना नाहीये.