सिरॅमिक रिंगा, प्यूमिस आणि साधा स्पंज: माशांच्या टँकच्या फिल्टरमध्ये दोन वर्षं वापरून झाल्यावर

टँक अडीच फुटी, पाणी साधारण 80 लिटर, दोन गोल्डफिश (हो माहितीये, जागा कमी पडते, शिव्या घालू नका, मोठा टँक घ्यायचं घरात अजून पटवतोय) आणि खाली कपाटात छोटा कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर. फिल्टरसोबत स्पंजाच्या दोन गाद्या आल्या होत्या, मीडिया, म्हणजे बॅक्टेरियांना राहायला फिल्टरमध्ये भरायचं सामान, वेगळा घ्या म्हणाले.

तर पहिल्यांदा स्टेशनजवळच्या एका दुकानातून सुट्या सिरॅमिक रिंगा आणल्या, प्लास्टिकच्या पिशवीत, नाव नाही गाव नाही, अर्धा किलो दोनशे रुपये. दुकानदार म्हणाला धुवायची गरज नाही डायरेक्ट टाका, आणि तीन दिवसांनी मासे सोडा, सोबत ही बॅक्टेरियाची बाटली ओता. टाकल्या. सकाळी उठून बघतो तर टँकमध्ये ताक! सगळी सिरॅमिकची भुकटी. ते दोन दिवसांत बसलं पण मासे तीन दिवसांनी सोडले तो खरा गाढवपणा, कारण फिल्टरमध्ये अजून कुणी राहायलाच आलं नव्हतं. माशांच्या शू-शीतून अमोनिया होतो, तो माशांना विष, एक जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राईट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि ही मंडळी वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. चारातले दोन मासे गेले. थेंबाथेंबाची अमोनियाची टेस्ट किट आणली तेव्हा कळलं, नळीतलं पाणी पिवळं राहायला पाहिजे ते झालं होतं कैरीसारखं हिरवं. मग रोज पाणी बदल, बदल, बदल. पाचव्या आठवड्यात एकदाचं पिवळं दिसलं.

रिंगा चांगल्या की वाईट ते कसं ओळखायचं? कोरड्या रिंगेवर पाण्याचा थेंब टाका. नवी कोरी पणती जशी तेल पिते तसा तो आत गेला पाहिजे. माझ्या पहिल्या पिशवीतल्या निम्म्या रिंगांवरून थेंब घरंगळून खाली, म्हणजे वरून चकचकीत, आत भोकं नाहीतच. नंतर कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारातून घेतल्या त्या तिथेच बाटलीतल्या पाण्याचा थेंब टाकून बघून घेतल्या, विकणारा हसत होता, हसू दे.

मग ब्रँडेडचा किडा चावला. सीकेम कंपनीचं मॅट्रिक्स म्हणजे मुळात प्यूमिस, ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड, आणि कंपनी म्हणते एका लिटरमध्ये 700 चौरस मीटरपेक्षा जास्त पृष्ठभाग. वाचायला भारी वाटतं. पण बॅक्टेरिया असतो साधारण एक मायक्रॉनचा, त्याच्याहून बारीक भोकात तो शिरणार कसा, आणि मोठ्या भोकांच्या तोंडावर चिकट थर बसला की आत ऑक्सिजन कितीसा जाणार? त्यामुळे कुठल्याही पाकिटावरच्या अशा आकड्याला मी आता बिल्डरच्या कार्पेट एरियासारखं धरतो. शेवटी मी कॅक्टसवाले कुंडीत घालतात तो प्यूमिस नर्सरीतून आणला, चाळला, चार पाण्यांतून धुतला, जाळीच्या पिशवीत भरून कॅनिस्टरमध्ये. चालतोय मस्त. खोल भोकांत नायट्रेटपण कमी होतं असं म्हणतात, माझ्याकडे तरी झालं नाही, नायट्रेट पाणी बदलूनच जातं.

आता खरा किस्सा. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत बाबांनी कॅनिस्टर उघडला, म्हणाले अरे काय ही घाण, आणि मी ऑफिसमधून येईपर्यंत रिंगा, प्यूमिस, स्पंज सगळं नळाखाली, ब्रशने घासून, गच्चीत उन्हात वाळत! एवढं स्वच्छ की ओवाळावंसं वाटलं. बाबांना काय बोलणार. नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि वर ऊन, म्हणजे वर्षभराची वस्ती साफ. तिसऱ्या दिवशी परत तो हिरवा रंग. मासे वाचले कारण खायला देणं जवळजवळ बंद केलं आणि रोज पाणी बदललं. मीडिया धुवायचाच असेल तर पाणी बदलताना टँकमधून काढलेल्या पाण्यात बादलीत नुसता खळबळायचा, संपलं. घाण वाटली तरी.

मुंबईवाल्यांसाठी अजून एक, आपलं तलावांचं पाणी मऊ आहे, म्हणजे क्षार मुळात कमी, आणि हे बॅक्टेरिया काम करताना पाण्यातला क्षार खातात, एक ग्रॅम अमोनिया नायट्रोजनमागे सात ग्रॅमच्या आसपास (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात), त्यामुळे पाणी फार दिवस बदललं नाही की पीएच घसरतो आणि हेच कामगार ढिले पडतात. म्हणून मी प्यूमिसच्या पिशवीत मूठभर शिंपल्यांचा चुरा टाकलाय, तो हळूहळू विरघळून क्षार परत भरतो.

आणि एवढं सगळं झाल्यावर, यंदा पावसाळ्यात आजारी माशासाठी वेगळा छोटा टँक लावायचा होता म्हणून कॅनिस्टरमधल्या सगळ्या रिंगा थोड्या थोड्या करत तिकडे हलवल्या, प्यूमिसपण, आणि धाकधूक होती म्हणून मोठ्या टँकची रोज टेस्ट. पिवळं. पिवळं. पिवळं. म्हणजे फुकट आलेल्या स्पंजाच्या दोन गाद्याच सगळं ओढत होत्या! फक्त स्पंज दोन-तीन आठवड्यांत तुंबतो, पिळावा लागतो, रिंगांना महिनोन्महिने हात लावावा लागत नाही. तेवढ्यासाठी रिंगांना पाचातले साडेतीन, प्यूमिसला चार, स्पंजला पाच.

छोट्या टँकमध्ये मात्र त्या जुन्या रिंगांमुळे पहिल्या दिवसापासून अमोनिया शून्य. कुणी नवीन टँक लावत असाल तर मुलुंडला या, मूठभर देतो, फक्त झाकणाचा डबा आणा, टँकचंच पाणी भरून देईन आणि वाटेत कुठे थांबू नका.