‘आठवी जनरेशन’ म्हणून घेतलेला सेकंडहँड लॅपटॉप सहावीचा निघाला

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली त्या आठवड्यात मी मुलीसाठी जुना लॅपटॉप घेतला, १९,५०० रुपयांना. भिशीचे पैसे नुकतेच हातात आले होते. आज त्या लॅपटॉपला त्याच दुकानात ११,००० च्या वर द्यायला तयार नाहीत. मधे काय काय झालं ते सगळं लिहिते, कारण आमच्या गल्लीतच आणखी दोन घरांत मुलांसाठी लॅपटॉप बघणं चाललंय.

मी घरी तीन मशिनी टाकून शाळेच्या गणवेशाची शिलाई घेते. कापलेला माल गठ्ठ्यानं येतो. शंभर शर्ट म्हटले तर शंभराचे भाग मोजल्याशिवाय मी चलनावर सही करत नाही, कारण एक पीस कमी भरला तरी तो माझ्या मजुरीतून जातो. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. टॅली, एक्सेल, कॉलेजचे प्रोजेक्ट, शिवाय माझा शिलाईचा हिशेब, एवढंच काम. त्याला फार भारी मशीन लागत नाही हे मलाही कळत होतं.

पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, नवीनमध्ये स्वस्तातले दिसतील, पण ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी स्टोरेजवाला घेऊ नको. त्यातलं काहीच पुढे वाढवता येत नाही बहुतेक वेळा, आणि विंडोजचे अपडेट येऊनच तो भरून जातो. त्यापेक्षा कंपन्यांतून निघालेला जुना घे. ८ जीबी रॅम, साठवायला एसएसडी, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या जनरेशनच्या, म्हणजे पिढीच्या, खालचा नको. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झालेत आणि ११ जुन्या प्रोसेसरवर अधिकृत चालत नाही."

हे सगळं मी वहीत लिहून नेलं. सल्ला शंभर टक्के बरोबर होता. पण तो सल्ला दुकानदारालाही माहीत असतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

दुकानात लॅपटॉप आधीच चालू करून ठेवलेला. चकचकीत पुसलेला, तळहात ठेवतो तिथं इंटेल आय-५, आठवी जनरेशन असं कोरं करकरीत स्टिकर. मी वही काढून विचारलं, तसा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "अक्का, विंडोज ११ आहे बघा यात. जुन्यावर चालतच नाही हे." भाच्याचंच वाक्य त्यानं मला परत ऐकवलं, आणि मला वाटलं झालं, खात्री पटली. "एकाच साहेबाचा हात लागलाय. बॅटरी नवीन टाकलीय. घ्या की अक्का, बिनधास्त घ्या."

पक्कं बिल मागितलं तर म्हणाला १८ टक्के जीएसटी वर पडेल. साडेतीन हजार वाचतात म्हणून मी कच्च्या चिठ्ठीवर तयार झाले. चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘लॅपटॉप १ नग, आय-५, ८/५१२, ६ म. वॉरंटी’. ८/५१२ म्हणजे ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी. खाली शिक्का, त्यावर दुकानाचं नाव, पण पत्ता नाही. ५,००० मोबाईलवरून दिले, ते दुकानाच्या नावावर न जाता कुणा माणसाच्या नावावर गेले. बाकी रोख. गणवेशाचे पीस मोजणारी मी, त्या चिठ्ठीवर काय नाही ते वाचलंच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. मुलीचा ऑनलाईन क्लास चालू होता. बॅटरी पूर्ण भरलेली दिसत होती आणि पंचवीस मिनिटांत लॅपटॉप बंद. पुढच्या आठवड्यात स्टिकरचा कोपरा सुटला. मुलीनं नखानं उचलला तर खाली जुन्या स्टिकरचा चिकट चौकोन, नव्यापेक्षा बोटभर मोठा. तो बघितला तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

भाचा शनिवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसनं आला. रविवारी सकाळी कापड कापायच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बसला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेला. उजव्या कोपऱ्यात नाव: आय-५, पुढं ६३००यू. दहाव्या जनरेशनच्या आधीच्या आकड्यांत पहिला अंक जनरेशन सांगतो. सहा म्हणजे सहावी, २०१५ सालचा प्रोसेसर. त्यानं मला खालची ओळही दाखवली: कोअर २, लॉजिकल प्रोसेसर ४. आठव्या जनरेशनच्या ८२५०यूमध्ये तिथं ४ आणि ८ दिसतात. म्हणाला, "मावशी, विंडोजमध्ये दिसणारं नावसुद्धा बदलून ठेवणारे आहेत, म्हणून हे दोन आकडेपण बघायचे." आणि विंडोज ११? ते तपासणी चुकवून जुन्या मशीनवर बसवता येतं. फक्त पुढचे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. म्हणजे मी ज्याला पुरावा समजले तो पुरावाच नव्हता.

मग एसएसडी. ५१२ ची असेल तर विंडोज साधारण ४७६ जीबी दाखवतं. आमच्यात २३८ दिसत होते, म्हणजे २५६ ची. आणि बॅटरी. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, एक जागा सोडून तिरकी रेघ, बॅटरीरिपोर्ट असं टाईप केलं की एक फाईल तयार होते. त्यात दोन आकडे असतात, बॅटरी नवी असताना किती साठवायची आणि आता किती साठवते. आमची एक तृतीयांशसुद्धा उरली नव्हती. या सगळ्याला भाच्याला दहा मिनिटं लागली. दुकानात आम्ही तासभर बसलो होतो, चहा पण झाला होता.

सोमवारी दुकानात गेलो. आता जे झालं ते नीट वाचा. मालकानं चिठ्ठी हातात घेतली आणि म्हणाला, "आय-५ लिहिलंय, आय-५ दिलाय. आठवी कुठं लिहिलंय?" नव्हतंच लिहिलेलं. स्टिकरबद्दल म्हणाला, माल वरून तसाच येतो. बॅटरी? "बॅटरी-चार्जरला वॉरंटी नसते, अक्का." पण ५१२ चिठ्ठीवर होतं, तिथं त्याला काही बोलता आलं नाही. अर्ध्या तासात मुकाट्यानं ५१२ ची एसएसडी बसवून दिली. तोच माणूस, तेच दुकान. जेवढं कागदावर होतं तेवढं मिळालं, जे तोंडी होतं ते सगळं गेलं. परत घ्या म्हटलं तर ११,००० देतो म्हणाला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ वर, फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली आणि पहिला प्रश्न विचारला, बिल आहे का? हेल्पलाईन मध्यस्थी करते, निकाल जिल्हा ग्राहक आयोग देतो. मला पूर्वी माहीत नव्हतं ते सांगते: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणंसुद्धा, बिलात मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांपर्यंत. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी आयोगात फी नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. म्हणजे "कच्ची चिठ्ठी आहे, आता काही होणार नाही" असं ज्यांना वाटतंय त्यांनी गप्प बसू नका. मोबाईलवरून दिलेल्या पैशाची नोंद, चिठ्ठी, स्टिकरचा फोटो, सगळं जपून ठेवा.

जे आता घ्यायला जाणार आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं: लॅपटॉप आधी पूर्ण बंद करायला लावा आणि तुमच्यासमोर चालू करा. सुरू होताना कुठला पासवर्ड मागतो का बघा, कंपन्यांतून निघालेल्या काही मशिनींवर जुनं कुलूप तसंच असतं. वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी स्वतः बघा, त्यांना करू देऊ नका. आणि बिलावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम, एसएसडी, बॅटरीची वॉरंटी आणि मशीनचा सिरीयल नंबर लिहून घ्या. सिरीयल नंबर नसेल तर "हा आमचा मालच नाही" म्हणायला ते मोकळे. जो दुकानदार प्रोसेसरचा नंबर लिहायला कां कूं करतो, त्याच्याकडून उठून या, कितीही अक्का-ताई म्हणू दे. जीएसटीचे जे साडेतीन हजार मी वाचवले, त्याच्या दुपटीहून जास्त माझे बुडालेत.

लॅपटॉप सध्या माझ्या मशिनीशेजारी चार्जर लावूनच चालतो. मुलीचं टॅली होतंय. आयोगातली तक्रार भाच्यानं लिहून दिली आहे, चिठ्ठीची झेरॉक्स आणि त्या चिकट चौकोनाचा फोटो जोडलाय. येत्या आठवड्यात दाखल करतेय.