कार्यसमिती की कामगार संघटना?

लोकशाहीची सवय कामगाराला कुठे जास्त लागते: कार्यसमितीत, म्हणजे एका कामाच्या ठिकाणच्या कामगारांनी मालकाशी बोलण्यासाठी निवडलेल्या समितीत, की कामगार संघटनेत? दोन्हींसाठी कामगार मतदान करतो. पण समितीचे विषय पाळ्या, रजा, सुरक्षितता अशा कामाच्या जागेपुरतेच राहतात, आणि जर्मनीतील कायद्याने तिला भक्कम अधिकार दिले असले तरी संप पुकारण्याची मुभा दिलेली नाही. संघटनेत मात्र सभासद वर्गणी भरतो, सर्वसाधारण सभेत उभा राहून हिशेब मागतो, ठराव मांडतो, विरोधी मत ऐकून घेतो, आणि हीच सवय घेऊन पुढे सार्वजनिक निवडणुकीतही उतरतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४८ च्या ८७ क्रमांकाच्या करारात संघटनांना आपले प्रतिनिधी पूर्ण स्वातंत्र्याने निवडण्याचा हक्क आहे. अर्थात, जिथे तेच पदाधिकारी वर्षानुवर्षे बिनविरोध येतात, तिथे समितीचे गुप्त मतदानच उजवे ठरते. तरीही मी संघटनाच निवडीन, कारण तिचा खर्च मालक नव्हे, सभासद उचलतात.