‘सरजी, बांसुरी ठीक है, आपकी फूंक कच्ची है’

बासरी विकून फसवणाऱ्याला एक सोय असते, ती पेटी विकणाऱ्याला नसते. पेटीची पट्टी बेसूर असेल तर दाबल्याबरोबर कळतं. बासरी नीट वाजली नाही, तर शिकणारा आधी स्वतःलाच दोष देतो. ओठ बसले नसतील, फुंक फाटत असेल, बोटाखालून हवा जात असेल. आणि यातलं काहीतरी खरंही असतंच. मला ज्याने फसवलं त्याचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून तो कसा चालतो ते सविस्तर लिहितोय.

मी नोकरी सांभाळून बासरी शिकतो. सुरुवात पांढरी पाचवर झाली, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी हा जिचा षड्ज (सा) ती बासरी. पुढे सर म्हणाले, आता पांढरी तीन घ्या. म्हणजे बाजारात जिला ‘ई बेस’ म्हणतात ती, जवळपास अडीच फूट लांब. बासरीवादक पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी ख्यालाचा विस्तार बासरीवर पेलावा म्हणून लांब बासरी रूढ केली, तिथून हे माप मैफिलीत आलं. एवढ्या लांबीला दोन गाठींमधलं एकच सरळ, पातळ भिंतीचं कांडं लागतं. तसा बांबू मुख्यतः आसामकडून येतो. तो सावलीत बराच काळ मुरवावा लागतो आणि मुरताना त्यातला काही तडकतोच. चांगली बासरी महाग का, याचं उत्तर त्या तडकलेल्या कांड्यांत आहे. कारागिराने ती फेकून द्यायची असतात. माझ्याकडे आलेली बासरी अशाच एका कांड्याची होती.

समाजमाध्यमावरचं ते पान दिसायला झकास होतं. लाल-काळ्या दोऱ्याच्या बासऱ्या, खाली ‘दस साल पुराना बांबू’, आणि पीलीभीतचं नाव. उत्तर प्रदेशातलं हे गाव बासऱ्यांसाठी खरोखरच प्रसिद्ध आहे आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणारे कारागीर आहेत. हा माणूस त्यांच्या नावावर आपला माल खपवत होता. सोबत एक व्हिडिओ, यमनचे आलाप, सूर इतका भरीव की ऐकत राहावं. सहा हजार पाचशे रुपये, सगळे आगाऊ, यूपीआयवर. वर पॅकिंगचे वेगळे.

आता त्या व्हिडिओबद्दल. मुखरंध्र, म्हणजे फुंकायचं छिद्र, ओठाकडे किंचित वळवलं की सूर उतरतो, बाहेर वळवलं की चढतो. तयार वादक हे न कळत करतो. दहा-पंधरा सेंट (पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) इकडेतिकडे असलेली बासरी त्याच्या हातात सुरेल वाजते. त्यात नंतर घातलेला घुमारा. म्हणजे त्या व्हिडिओतून वाजवणारा किती तयारीचा आहे तेवढं कळतं. शिवाय ती बासरी तीच कशावरून? प्रत्येक बांबूवरचे डाग वेगळे असतात. नंतर व्हिडिओ थांबवून मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. मुखरंध्राजवळचा तपकिरी डाग माझ्या बासरीवर नव्हताच.

बासरी आली ती मोहरीच्या तेलाचा वास घेऊन, छान चकचकीत. सोबत त्याचा निरोप: ‘नई बांसुरी को खुलने में पंद्रह-बीस दिन लगते हैं, रोज़ बजाइए.’ आणि परतीची मुदत? सात दिवस. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. नव्या बासरीची सवय व्हायला वेळ लागतो हे खरं आहे, कुठलाही शिक्षक तेच सांगेल. पण चुकीच्या जागी पाडलेलं छिद्र रोज वाजवून सुरात येत नाही आणि भेग तर मुळीच मिटत नाही. खऱ्या सल्ल्याच्या आडून तो परतीची मुदत संपवतो.

मध्य षड्ज, म्हणजे मधल्या सप्तकातला सा, ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या साधनावर) अगदी काट्यावर होता. तेवढा एक सूर त्याने जुळवलेला असतो, कारण गिऱ्हाईक पहिल्यांदा तोच तपासतं. तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या सप्तकात गेलं की सूर खाली बसायचा, तार पंचम (प) आणखी खाली. सहाही छिद्रं झाकून मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम लावला की सुरापेक्षा हवाच जास्त. मी आपला रोज सकाळी खर्ज घोटत होतो.

सरांनी ती हातात घेतली, मंद्र पंचम लावला, मग तोच सूर स्वतःच्या बासरीवर लावला आणि म्हणाले, ‘हिचा मधला दोरा सोडा बरं.’ दोऱ्याखाली उभी भेग होती. गोंद आणि बांबूचा भुसा भरून, घासून, वर पॉलिश मारलेली. बासरीला दोरा बांधणं ही चांगलीच पद्धत आहे. बांबू तडकू नये म्हणून उत्तम कारागीरही बांधतात. त्यामुळे दोरा दिसला की कोणाला शंका येत नाही.

विक्रेत्याला कळवलं तर आधी शीर्षकातलं वाक्य आलं. सरांनी वाजवलेलं रेकॉर्डिंग पाठवलं, तर ‘सात दिन हो गए’. भेगेचा फोटो पाठवला, तर ‘आपने तेल नहीं लगाया होगा’. त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं. मिरजेला तंबोरा घ्यायला गेलेला माणूस समोर बसून, जवारी (तारांचा घुमारा) ऐकून घेतो. बासरीच्या बाबतीत मात्र ‘बांबूच तर आहे’ म्हणून आपण कुरिअरवर भागवतो. जत्रेत काठीला बासऱ्या खोचून फिरणारा या माणसापेक्षा कितीतरी प्रामाणिक. तो निदान ‘कॉन्सर्ट क्वालिटी’ तरी म्हणत नाही.

लांबून घ्यायचीच असेल तर पैसे देण्याआधी थेट व्हिडिओ कॉल मागा. तीच बासरी, मागे पांढरी तीनचा तंबोरा, कॅमेऱ्यात ट्यूनर, आणि मान न हलवता एकेक लांब सूर: मंद्र पंचम, मध्य षड्ज, मध्य पंचम, तार षड्ज, तार पंचम. आलाप नको, ताना तर नकोतच. डाग दिसतील असे जवळचे फोटो घेऊन ठेवा. पट्टी कशी मोजली तेही विचारा. आपल्याकडे वरची तीन छिद्रं झाकून येणारा षड्ज धरतात, पण काही ऑनलाइन विक्रेते सगळी छिद्रं झाकून येणाऱ्या सुराचं नाव देतात. मग ‘ई’ म्हणून येते ती पांढरी सहाची बासरी.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी सहा छिद्रांना चिकटपट्टी लावा, खालचं टोक तळहाताने घट्ट बंद करा आणि मुखरंध्रातून हवा ओढा. ओढ धरून राहिली तर ठीक, लगेच सुटली तर कुठेतरी गळती आहे. उघड्या टोकातून टॉर्च मारून आतली भिंत बघा, भेगेची रेघ बाहेरून बुजवली तरी आत बहुधा दिसते. थंडीत सगळे सूर सारखेच उतरलेले आढळले तर घाबरू नका. एका अंशाला साधारण तीन सेंटचा फरक पडतो, फुंकेने बासरी तापली की सूर वर येतात. सप्तकासप्तकांत फरक असेल तर मात्र दोष बासरीत आहे, बंद टोकात बसवलेल्या बुचाच्या जागेत किंवा छिद्रांत. आणि हे सगळं स्वतः करून थांबू नका. परतीच्या मुदतीत ती दुसऱ्या, जाणत्या माणसाच्या ओठाला लागलीच पाहिजे.

त्याच पानावर पाश्चात्त्य फ्लूट आणि पिकोलोही आहेत, ‘यूज्ड, सिल्व्हर’. मुलांच्या बँडसाठी कोणी बघत असेल तर एवढं लक्षात ठेवा. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, त्यात चांदी नसते. विद्यार्थ्यांच्या चांगल्या फ्लूटही त्याच धातूच्या, वर चांदीचा मुलामा दिलेल्या असतात, त्यामुळे धातू वाईट नाही, चांदीचा भाव लावणं वाईट. तिथली गळती चाव्यांखालच्या गाद्यांत असते. सिगारेटचा पातळ कागद प्रत्येक गादीखाली धरून चावी हलकेच दाबा आणि ओढा, सैल निघाला तर गादी बसत नाही. फ्लूटच्या साफसफाईच्या काडीवर एक खूण असते, ती काडी आत सरकवली की खूण मुखरंध्राच्या मधोमध यायला हवी. बुचापासून ते अंतर १७ मिलिमीटर. पिकोलो जेमतेम एक फुटाची आणि एक सप्तक वर वाजणारी. तिच्यात एवढीशी गळतीही खालचे सूर गिळते, आणि नवशिक्या मुलाला पुन्हा तेच सांगितलं जातं की फुंक कमी पडते.

तक्रारीचं म्हणाल तर पैसे गेले आणि वस्तू आलीच नाही, तर लगेच १९३० वर फोन करा, सायबर फसवणुकीसाठी तो क्रमांक आहे. सदोष माल आला असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही भागलं नाही तर २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. मी १९१५ वर नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत, आणि ते पान आता दुसऱ्या नावाने, त्याच यमनच्या व्हिडिओसह चालू आहे. या महिन्यात कोणी तशी लाल-काळ्या दोऱ्याची बासरी घेतली असेल तर सात दिवस संपायच्या आत मधला दोरा सोडून बघा. सोडण्यापूर्वी फोनचा कॅमेरा चालू ठेवा.