एचपी५ प्लस १६००ला पुश: आठ महिने, सतरा रोल आणि कडेचे आकडे

गेल्या आठवड्यात एचपी५ प्लस या ४०० वेगाच्या कृष्णधवल फिल्मचा सतरावा रोल टँकमधून (फिल्म धुण्याच्या बंद डब्यातून) काढला आणि पोटात गोळा आला. चित्रं होती, पण काचेवर फुंकर मारल्यावर उमटतं तेवढीच. नाटकाच्या तालमीचे तीन तास, छत्तीस फ्रेम, सगळं पाण्यात. हा अनुभव लिहायला बसलो तो खरं तर मायक्रोफेनला, म्हणजे ज्या डेव्हलपरमध्ये (रसायनात) फिल्म धुतो त्याला, शिव्या घालायलाच.

आधी चांगलं सांगतो. तालमीच्या खोलीत एकच दिवा असतो. फिल्मच्या मूळ वेगाला, ४००ला, लेन्स एफ/२वर उघडून शटर १/१५ सेकंद मिळायचं आणि नटाचा हात हलला की त्याचा धूर व्हायचा. प्रकाश मोजणारं मीटर १६००वर ठेवलं, म्हणजे फिल्म चौपट वेगवान आहे असं धरलं (आणि धुताना जास्त वेळ दिला, यालाच पुश म्हणतात), की तोच प्रकाश १/६०ला पुरतो. मला हवं होतं ते एवढंच, आणि ते मिळालं. ग्रेनची, म्हणजे चित्रातल्या दाण्यांची, उगाच भीती घातली जाते. दिसतो, पण त्रास देत नाही.

त्रास देतो तो कॉन्ट्रास्ट. पुश केल्याने फिल्मची संवेदनशीलता वाढते हा समज मी पहिले दोन महिने जपला. तसं काही होत नाही. दोन स्टॉप कमी प्रकाश दिलेला असतो (एक स्टॉप म्हणजे निम्मा), डेव्हलपिंगचा वेळ वाढवून आपण मधले आणि उजळ भाग वर ओढतो. जिथे प्रकाश पोचलाच नाही तिथे डेव्हलपर काय उजळणार? त्यामुळे दिव्याखालचं कपाळ पांढरंफटक आणि डोळ्यांच्या खोबणीत नुसतं काळं. टँक जास्त वेळा उलटीपालटी केली तर कपाळ आणखी पांढरं होतं. डबीवर सांगितलेत तेवढेच हेलकावे द्यायचे, हात शिवशिवले तरी.

पहिले दोन रोल लॅबमध्ये धुवायला दिले. पुढचे तीन मित्राकडे उरलेल्या आयडी-११ या दुसऱ्या डेव्हलपरमध्ये केले, २० अंशांना १४ मिनिटं. मग मायक्रोफेन, ११ मिनिटं. फरक थोडा आहे, पण आहे: काळ्या शर्टाच्या चुण्या मायक्रोफेनमध्ये दिसतात, आयडी-११मध्ये तो शर्ट म्हणजे नुसतं भोक. फार तर अर्धा स्टॉप. एक रोल ३२००ला नेऊन पाहिला, पुन्हा नेणार नाही. ‘मग डेल्टा ३२०० ही जास्त वेगाची फिल्म घे’ असं सांगणाऱ्यांना एकच सांगतो, तिचाही मोजलेला वेग हजारच्या आसपास आहे, ३२०० हा तिचाही पुशच. आणि ती महाग पडते.

आता बाटली. एक लिटर मायक्रोफेनमध्ये दहा रोल होतात, फक्त प्रत्येक रोलमागे मूळ वेळेच्या दहा टक्के वेळ वाढवायचा. माझ्यासारख्याला हे म्हणजे वरदान. बाटलीला चिकटपट्टी लावली आणि प्रत्येक रोलला एक रेघ. दहाव्या रोलला जवळपास २१ मिनिटं लागली, निगेटिव्ह उत्तम. कंपनीचा तक्ता तिथे थांबतो. मी म्हटलं, हिशोब काय, पुढेही चालतोच. बाटलीतला अकरावा रोल जरा पातळ (निगेटिव्हवर काळेपणा कमी) वाटला, तरी बाराव्याला २३ मिनिटं दिली. तोच हा एकूण सतरावा. वर बाटली भरून सहा महिने उलटून गेलेले, आणि दर वेळी थोडं सांडून वर हवेला जागा झालेली.

इथपर्यंत लिहून ‘मायक्रोफेन ऐन वेळी दगा देतं’ असा निकाल देणार होतो. खात्रीसाठी सगळ्या निगेटिव्ह खिडकीशी धरल्या, आणि मत बदलावं लागलं.

फिल्मच्या कडेला फ्रेमचे आकडे आणि फिल्मचं नाव असतं ना, ते कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेलं असतं. तुमच्या कॅमेऱ्याचा, मीटरचा त्याच्याशी संबंध नाही, ते फक्त डेव्हलपरने काळं होतं. म्हणजे चित्र पातळ आणि आकडे काळेकुट्ट, तर फोटो काढतानाच प्रकाश कमी पडला. आकडेही फिके, तर धुताना घोळ झाला. सतराव्या रोलचे आकडे वाचायला भिंग लागलं. दोष फिल्मचा नाही, मायक्रोफेनचाही नाही. थकलेल्या बाटलीचा, म्हणजे माझाच.

मग नको ते केलं. लॅबमधले पहिले दोन रोल काढले. तेही पातळच आले होते, आणि मी काउंटरवर बरंच तोंड वाजवलं होतं: पुश केलंच नाही, पैसे मात्र पुशचे लावले. तो माणूस शांतपणे एवढंच म्हणाला होता, ‘कड बघा.’ मला वाटलं टोलवतोय. मी बिल कमी करून घेतलं आणि पुन्हा तिथे गेलो नाही.

दोन्ही रोलचे आकडे डांबरासारखे काळे आहेत. साध्या ४००ला धुतलेल्या रोलपेक्षाही गडद. त्याने पुश केलं होतं, व्यवस्थित केलं होतं. माझं मीटर दिव्याकडे बघून फसलं होतं. (आता चेहऱ्याच्या सावलीतल्या बाजूवर मीटर धरतो आणि दिवा जातो तिकडे जाऊ देतो.)

पुश करत राहणार का? हो, ११ मिनिटांचं मायक्रोफेन आणि १६००, यापलीकडे काही बदलायचं नाही. मायक्रोफेनचं नवं पाकीट पाण्यात विरघळवलं, चिकटपट्टीवर दहाच रेघांची जागा ठेवली. शिवाय टँकमधल्या रीलवर चढवण्याआधी रोलचं जे टोक कापून फेकत होतो, ते आता आधी डेव्हलपरच्या चमच्याभर थेंबांत टाकतो, उजेडातच. पटकन काळं झालं तर बाटली जिवंत. जुन्या बाटलीत टाकून पाहिलं, पाच मिनिटांनीही राखाडीच. हे टोक फुकटचं होतं, आठ महिने कचऱ्यात जात होतं, याचंच जास्त वाईट वाटतंय.

लॅबवाल्याचे कापलेले पैसे अजून माझ्याकडेच आहेत.