सनफिल्म झकास लागली, पण दुकानदाराच्या "एकदम लीगल आहे भाऊ" वर जाऊ नका

अकोल्यात मे महिन्यात दुपारी गाडी उन्हात उभी केली की स्टिअरिंगला हात लावायची सोय राहत नाही, त्यामुळे इथे कार डेकोरवाल्यांकडे उन्हाळ्यात गर्दी असते ती सनफिल्मचीच. मी पण लावून घेतली, आमच्या हॅचबॅकला चार दरवाजे आणि मागची काच, उष्णता अडवणारी फिकट फिल्म, फिटिंगसकट साडेआठ हजार. दुकानाचं नाव टाकत नाही. कामाला पाचपैकी चार, थंडाव्याला चार, आणि काउंटरवर जो कायदा सांगतात त्याला एक, तोही चहा पाजला म्हणून.

काम खरंच स्वच्छ आहे हो. पोरांनी दरवाज्याच्या पॅडवर टॉवेल टाकला, काचा दोनदा धुतल्या, मागच्या गोल काचेवर हीटगनने फिल्म बसवली तर कुठे सुरकुती नाही. एसी आता दोनवर भागतो, आधी चारवर ओरडायचा. आणि फिल्म काळी नाहीये, बाहेरून बघितलं तर आतली माणसं दिसतात, रात्री साइड मिररमध्ये पण नीट दिसतं. हजार-बाराशेवाली काळी फिल्म घेऊ नका, ती उजेड अडवते पण उष्णता बऱ्यापैकी आत सोडते, काळेपणा आणि थंडावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लोकांना पटतच नाही.

आता मुद्दा. दुकानदार सगळ्यांना एकच टेप वाजवतो, "भाऊ, ७०-५० मध्ये बसते, कंपनीचं सर्टिफिकेट देतो, पोलीस काही करू शकत नाही." यातलं अर्धं बरोबर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, बाजूच्या काचांतून ५०. पण हा आकडा काच अधिक फिल्म असा मिळून धरायचा. मूळची काच काही १०० टक्के उजेड सोडत नाही, तिला कंपनीतूनच हलकी हिरवट झाक असते. समजा काच ७५ ची आणि फिल्म ७० ची, तर गुणाकार करा, ५२ च्या आसपास येतं. बाजूला चालतं, पुढे सरळ सरळ नापास. तरी हा बाबा पुढच्या काचेवर पण तीच ७० ची लावायला निघाला होता. मी म्हटलं उजेडाचा टक्का मोजायचं मीटर आहे का, तर ड्रॉवरमधून निघालं. बाजूच्या काचेवर फिल्मसकट ५४ दाखवलं, पुढच्या नुसत्या काचेवर ७७. मग पुढे लावू नका म्हटलं तर थोडा फुगला, साहजिक आहे, अडीच हजारांचं गिऱ्हाईक गेलं. तशीही पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर, अतिनील किरणं बहुतेक तीच अडवते. मागच्या काचेला पण नियमाने ७०च लागतात म्हणून तिथे जवळपास पारदर्शक फिल्म घेतली, ती महाग पडते पण काचेसकट ७१ आलं.

एवढं करूनही चलान आलं. बायपासवर नाकाबंदी होती, हवालदारसाहेबांकडे मीटर वगैरे काही नव्हतं, त्यांनी काच अर्धी खाली करायला लावली आणि वरच्या कडेवर नखाने खरवडून बघितलं. कड सुटली, विषय संपला. मी सर्टिफिकेट पुढे केलं तर ते शांतपणे म्हणाले, "साहेब, टक्का किती ते आम्ही बघतच नाही, फिल्म आहे ना?" मशीनवर गाडीचा फोटो, पाच मिनिटांत मोबाईलवर मेसेज, ५०० रुपये. पुन्हा सापडलो तर १५००.

आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. २७ एप्रिल २०१२ ला सुप्रीम कोर्टाने अविषेक गोएंका प्रकरणात सांगितलंय की टक्का कितीही असो, काचेवर वरून काळी फिल्म किंवा दुसरं काही चिकटवायचंच नाही, नियमातला टक्का हा काच कारखान्यात बनतानाचा आहे. ४ मे २०१२ पासून ते देशभर लागू झालं, आणि पोलिसांना चलान करायचा, शिवाय जागेवर फिल्म काढून टाकायचा पण अधिकार दिला. सूट फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षावाल्यांना. (आमच्या भागात फिरणाऱ्या कोळशासारख्या काचांच्या स्कॉर्पिओवाल्या भाऊंना झेड प्लस कधी मिळाली देव जाणे.)

दुकानदार जे सांगतो त्याचं मूळ पुढचं आहे. १ एप्रिल २०२१ पासून नियम १०० बदलला, त्यात सेफ्टी ग्लेझिंग हा शब्द आला, म्हणजे आतून प्लास्टिकचा थर असलेली काच पण चालेल. त्याच्या आधारावर सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ हायकोर्टाने सांगितलं की ७०-५० सांभाळून फिल्म लावली तर दंड करता येणार नाही. काउंटरवर त्याच बातमीचं कात्रण लॅमिनेट करून ठेवलंय. पण ते केरळचं हायकोर्ट, अकोल्याच्या नाक्यावर ते कात्रण दाखवून काय होणार, वकील घेऊन कोर्टात भांडायचं असेल तर कामाचं आहे, ५०० रुपयांसाठी कोण जाणार. हे दुकानदाराने एका वाक्यात सांगितलं असतं तरी मी फिल्म लावलीच असती, आई मागे बसते, तिला ऊन सोसत नाही, मी चलानाचा खर्च धरूनच चालतो आता.

ज्यांना रिस्क नको त्यांनी फिल्मच्या नादी लागू नका, गाडी पार्क करताना पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावा. जाळीवाले शेड पण तिथेच मिळतात, पोलीस सहसा सोडून देतात कारण काढता येतात, पण चालत्या गाडीत लावले तर नियमात तेही बसत नाहीत, कोर्टाच्या "दुसरं काही" मध्ये तेही आले.

एक राहिलं, मागच्या काचेवर डिफॉगरच्या (काच तापवून धुकं घालवणाऱ्या) बारीक रेषा असतील तर फिल्म कधी काढायची झाली तरी ब्लेडने काढू देऊ नका, रेषा तुटतात आणि मग डिफॉगर नीट चालत नाही. पोलीस उतरवा म्हणाले तर चलान भरून सरळ दुकानात जा, आमच्या दुकानवाल्याने वाफ देऊन फुकट काढून देईन असं बिलावर लिहून दिलंय, तेवढं तुम्ही पण लिहून घ्या. रविवारी जाऊ नका, लाइन असते. आणि लावल्यावर तीन-चार दिवस काचा खाली करायच्या नाहीत, टोलवर दरवाजा उघडून पैसे द्यावे लागले तरी चालेल.